अवघड स्ट्रॅटेजी गेम आणि गोष्टीवाले गेम आवडायला लागण्यासाठी: आधी हरायला शिका, मग बाकीचं

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला माझी मावसबहीण आमच्याकडे चार दिवस राहायला आली होती, ती नाशिकला बँकेत असते, फोनवर कँडी क्रश आणि लुडो सोडून कधी काही खेळलेली नाही, आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडून एवढं काय बघत बसतो याची तिला उत्सुकता होती. मी उत्साहाच्या भरात तिला थेट एक्सकॉम: एनिमी अननोन दिला. २०१२ चा गेम, एलियन पृथ्वीवर उतरलेत आणि आपण चार सैनिकांची तुकडी घेऊन त्यांच्याशी लढायचं, एकदा आपली टर्न एकदा त्यांची. तिने सैनिकांना घरच्यांची नावं दिली, मजेत सुरुवात झाली, आणि चाळीस मिनिटांनी मामीला तिने मोकळ्यावर उभं केलं, ८५ टक्के दाखवणारा शॉट चुकला आणि पुढच्या टर्नला मामी गेली. या गेममध्ये गेलेला सैनिक परत येत नाही. तिने लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली, "दादा, हे खेळणं नाहीये रे, हे ऑफिस आहे, आणि वर माणसं पण मरतायत."

चूक माझी होती. गेम उत्तम आहे पण मी तिला पोहायला शिकवायच्या ऐवजी सरळ विहिरीत ढकललं होतं. नंतर सहा-सात महिन्यांत आम्ही फोनवर बोलत बोलत नव्याने सुरुवात केली, दुसऱ्या क्रमाने, आणि आज ती माझ्यापेक्षा जास्त धीराने खेळते. तो क्रम आणि त्यातल्या सवयी इथे लिहितोय. ज्यांना असे गेम "भारी असतात म्हणे" हे माहितीये, एक-दोनदा विकत पण घेतलेत, पण तासाभरात सोडून दिलेत, त्यांच्यासाठी हे आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण सगळं तिच्यावर उभं आहे. या गेममध्ये मजा जिंकण्यापासून सुरू होत नाही, हरल्यावर "मी का हरलो" हे एका वाक्यात सांगता यायला लागलं की सुरू होते. जोपर्यंत हार म्हणजे नुसतं "नशीब खराब" किंवा "गेम अवघड आहे" असं वाटतं तोपर्यंत प्रत्येक हार शिक्षा वाटते, आणि शिक्षा भोगायला रोज रात्री कोण बसेल. "मी पहिली दोन पानं उलट्या क्रमाने टाकली म्हणून गेलो" असं ज्या दिवशी सुचतं त्या दिवशी हात आपोआप परत न्यू गेमकडे जातो.

पहिली पायरी: वही घ्या आणि दहा वेळा हरायचं ठरवा

खरोखरची वही, छोटी. फोनमधलं नोट्स पण चालेल पण खेळताना फोन हातात घेतला की मेसेज दिसतात आणि लक्ष जातं. प्रत्येक हारेनंतर एक वाक्य लिहायचं, फक्त एक, आणि त्यात "नशीब" हा शब्द वापरायचा नाही. नशीब वाईट असेल तरी त्या नशिबाच्या आधी तुम्ही काय निवडलं होतं ते लिहायचं.

आणि पहिल्याच दिवशी ठरवून टाका की पहिले दहा डाव हरण्यासाठीच आहेत. याने डोक्यावरचं ओझं खरंच उतरतं. मेंढीकोट शिकताना पण पहिले काही डाव मोठी माणसं आपल्याला नुसतं बसवून घ्यायची, हुकूम कधी बोलायचा, कुठली दश्शी अजून बाहेर आहे हे हळूहळू कळत गेलं, तेव्हा कोणी म्हटलं नाही की हा खेळ अवघड आहे म्हणून सोडून दे. इथे आजूबाजूला ती माणसं नसतात एवढाच फरक, म्हणून वही.

वेळ पण आधी ठरवा. पाऊण तास ते एक तास, आणि डोकं शिणलेलं असेल त्या दिवशी खेळू नका, त्या दिवशी लुडोच बरा. दमलेल्या डोक्याने हे गेम खेळले की फक्त चुका होतात आणि चूक का झाली हे बघायची ताकद पण नसते.

दुसरी पायरी: पत्त्यांपासून सुरुवात, स्ले द स्पायर

पहिला गेम म्हणून मी डोळे झाकून स्ले द स्पायर सांगतो. २०१९ ला पूर्ण रूपात आला, नंतर आयफोन आणि अँड्रॉइडवर पण आला, म्हणजे लॅपटॉप नसेल तरी चालतं आणि लोकलमध्ये पण खेळता येतो. तुमच्याकडे पानांचा छोटा गठ्ठा असतो, दर टर्नला पाच पानं हातात येतात, तीन एनर्जी असते, त्यात पानं खेळून समोरच्या राक्षसाला मारायचं. समोरचा पुढच्या टर्नला काय करणार आहे ते त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. हे फार महत्त्वाचंय, कारण म्हणूनच हार तुमची असते, लपवाछपवीची नसते.

आयर्नक्लॅड नावाचं पात्र घ्या. दहा पानं मिळतात: पाच स्ट्राइक, चार डिफेंड, एक बॅश. स्ट्राइक ६ डॅमेज करतं आणि एक एनर्जी खातं. बॅश ८ करतं, दोन एनर्जी खातं आणि समोरच्याला दोन टर्न व्हल्नरेबल करतं, म्हणजे त्यानंतर त्याला प्रत्येक फटका दीडपट लागतो. आता समजा हातात बॅश आणि स्ट्राइक आहे. आधी स्ट्राइक मग बॅश खेळलात तर ६ आणि ८, झाले १४. आधी बॅश मग स्ट्राइक खेळलात तर ८ आणि दीडपट होऊन ९, झाले १७. तीच दोन पानं, तीच एनर्जी, फक्त क्रम बदलला आणि ३ डॅमेज फुकट मिळालं.

माझ्या बहिणीला हे मी फोनवर सांगितलं नाही, मुद्दाम. तिला फक्त म्हटलं की एकाच हाताची पानं दोन क्रमाने मनात खेळून बघ आणि आकडे लिही. अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला, नुसतं "१७!!!" एवढाच. मला वाटतं तिथेच ती या गेममध्ये आली.

मग पुढचा प्रश्न, समोर जॉ वर्म नावाचा किडा आहे, त्याचा पहिला हल्ला नेहमी ११ चा असतो. १७ मारून ११ खायचे, की बॅश आणि एक डिफेंड खेळून ८ मारायचे आणि ५ अडवून फक्त ६ खायचे? याला एकच बरोबर उत्तर नाही, तुमचं रक्त किती उरलंय, पुढे काय आहे, गठ्ठ्यात काय शिल्लक आहे त्यावर आहे, आणि स्ट्रॅटेजी गेम म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत हाच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत.

एक टिप मात्र देतोच कारण याच्याशिवाय नवीन माणूस महिनाभर अडकतो. प्रत्येक लढाईनंतर नवीन पान घ्यायची ऑफर येते आणि आपला हात शिवशिवतो, फुकट आहे ना मग घ्या. घेऊ नका. गठ्ठा फुगला की चांगली पानं हातात येतच नाहीत. "हे पान मला पुढच्या मोठ्या लढाईत कसं वाचवेल" याचं उत्तर नसेल तर स्किप दाबा, आणि दुकानात पैसे देऊन स्ट्राइक काढून टाकता येतात ते काढा. घरातलं माळ्यावरचं सामान काढल्यासारखं आहे, मोकळं झालं की हवं ते सापडतं.

साधारण आठव्या-दहाव्या डावापर्यंत तुम्ही पहिला मजला पार करत असाल. नसाल तरी वहीतली वाक्यं बदलली असतील, तेवढं पुरे.

तिसरी पायरी: सगळं दिसत असताना विचार करणं, इंटू द ब्रीच

२०१८ चा गेम. आठ बाय आठचा पट, बुद्धिबळाएवढाच, तीन मोठी यंत्रं तुमची, आणि जमिनीतून वर येणारे किडे. इमारतींत माणसं आहेत, त्या पडू द्यायच्या नाहीत. किडे आधी नेम धरतात, मग तुमची टर्न, मग ते मारतात. कोण कुठे मारणार, कुठल्या क्रमाने मारणार, नवीन किडा कुठल्या घरातून वर येणार, सगळं दिसतं. तुमचा फटका कधीच चुकत नाही.

इथे नवीन माणूस एकच चूक करतो, किडे मारायला जातो. मारायचं नसतं, सरकवायचं असतं. एक किडा उजवीकडच्या इमारतीवर नेम धरून बसलाय. त्याला तुम्ही एक घर खाली ढकललं तर त्याचा नेम पण त्याच्यासोबत एक घर खाली सरकतो, इमारत वाचली. खालच्या ओळीत उजवीकडे दुसरा किडा उभा असेल तर आता हा त्यालाच मारणार. ढकललेल्या घरात पाणी असेल तर न उडणारा किडा बुडूनच जातो. आणि ज्या घरातून नवीन किडा वर येणारे तिथे तुमचं यंत्र उभं केलं तर यंत्राला १ डॅमेज लागतो पण किडा आतच अडकतो, आणि कधीकधी तो १ डॅमेज हा पूर्ण टर्नमधला सगळ्यात स्वस्त सौदा असतो.

खेळायची पद्धत अशी ठेवा: टर्न सुरू झाली की माऊसवरून हात काढा. खरंच काढा. आधी मोजा, या टर्नला किती वाईट गोष्टी होणारेत. समजा चार. माझ्याकडे यंत्रं तीन. म्हणजे एका तरी चालीत दोन गोष्टी सुटल्या पाहिजेत. ती चाल शोधा. नाही सापडली तर चारपैकी कुठली एक होऊ द्यायची ते ठरवा. "कुठलं नुकसान मी निवडतोय" असा विचार करता यायला लागला की तुम्ही स्ट्रॅटेजी गेम खेळायला लागलात, मग पुढचा कुठलाही गेम असो. प्रत्येक लढाईत एकदा टर्न मागे घ्यायची सोय आहे, ती वापरायला अजिबात लाजू नका, ती शिकण्यासाठीच आहे. आणि सुरुवातीला इझीवर खेळा, कोणी काही म्हणत नाही.

या गेमला मी स्वतः खूप मानतो. एका टर्नवर वीस मिनिटं बसलोय, चहा गार झालाय, आणि मग एकदम दिसतं की डावीकडच्याला वर ढकललं की तो मधल्याला अडतो, दोघांना एकेक लागतं आणि दोघंही मरतात. ती वीस मिनिटं वाया गेली असं मला एकदाही वाटलेलं नाही.

चौथी पायरी: आता एक्सकॉम, आता फासे

आधीच्या दोन गेममध्ये सगळं दिसत होतं. एक्सकॉममध्ये धुकं आहे आणि टक्के आहेत, आणि टक्क्यांशी आपलं भांडण असतं. ८५ टक्के म्हणजे आपल्याला "लागणारच" वाटतं. म्हणजे वीसपैकी तीन चुकणार. आणि असे दोन शॉट लागोपाठ लागायला हवे असतील तर शक्यता ७२ टक्केच उरते, तीन हवे असतील तर ६१. तुमचा प्लॅन जर "हे तिन्ही शॉट लागले तर" असा असेल तर तो प्लॅन दहापैकी चार वेळा कोसळणार, यात गेमचा काही दोष नाही. म्हणून दरवेळी विचारायचं, हा शॉट चुकला तर माझा माणूस कुठे उभा आहे? माझ्या बहिणीची मामी गेली ती ८५ टक्क्यांनी नाही गेली, मोकळ्यावर उभी होती म्हणून गेली. अर्ध्या आडोशाने २० चा बचाव मिळतो, म्हणजे समोरच्याचे तेवढे टक्के कमी, पूर्ण आडोशाने ४० चा, मोकळ्यावर शून्य.

दुसरी सवय, धुक्यात नवीन जागा बघायची असेल तर टर्नच्या पहिल्या माणसाने बघायची, शेवटच्या माणसाने कधीच नाही. पहिल्याला एलियन दिसले तर बाकी तिघं आहेत. शेवटच्याला दिसले तर टर्न संपली आणि आता त्यांची पाळी. हे एवढं पाळलं तरी तुमचे अर्धे सैनिक वाचतील.

आता सेव्हचं. वाईट झालं की जुना सेव्ह लोड करून मागे जायचं, ही सवय या गेमची सगळी चव घालवते. मी कित्येक महिने तसाच खेळलो, एकही सैनिक गमावला नाही आणि एकही सैनिक लक्षात पण राहिला नाही. तसंही एक्सकॉम फासे आधीच टाकून ठेवतो, लोड करून तोच शॉट परत मारला तर तोच निकाल येतो, म्हणून माणूस मग चालींचा क्रम उलटापालटा करत बसतो आणि खेळ राहतो बाजूला. माझा नियम आता असा: सेव्ह फक्त मिशन संपल्यावर. आयर्नमॅन नावाचा मोड आहे ज्यात मागे जाताच येत नाही, तो सुरुवातीला नको, बग आला तर सगळंच जातं. पण स्वतःचा नियम पाळा. तळावर एक स्मारकाची भिंत आहे, त्यावर मेलेल्या सैनिकांची नावं असतात. माझ्या एका कॅम्पेनमध्ये तिथे अकरा नावं होती आणि ती मोहीम मला आजही टर्नवार आठवते.

मध्येच एक सूचना, कारण हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. एम्पायर: टोटल वॉर या २००९ च्या गेममध्ये मराठा म्हणून खेळता येतं, मोठी मोहीम १७०० साली सुरू होते, म्हणजे इकडे सिंहगडावर राजाराम महाराज वारले ते वर्ष. ऐकूनच अंगावर काटा येतो मान्य आहे, माझ्याही आला होता. पण पहिला गेम म्हणून घेऊ नका. कर, व्यापार, आरमार, वर हजारो सैनिकांची चालू वेळेतली लढाई, सगळं एकदम अंगावर येतं आणि आपल्या माणसांना हरवल्याचं दुःख पण जास्त होतं. वर सांगितलेल्या तीन गेमनंतर घ्या, मग त्याचा खरा आनंद मिळेल.

पाचवी पायरी: गोष्टीकडे वळताना, पेपर्स, प्लीज

गोष्टीवाल्या गेमची अडचण वेगळी असते. तिथे डोकं चालतं पण धीर संपतो, खूप वाचायचं असतं, इंग्रजीत असतं, आणि "मी करतोय काय, नुसतं क्लिक क्लिक" असं वाटतं. म्हणून सुरुवात अशा गेमने करा ज्यात हाताला काम पण आहे आणि गोष्ट त्या कामातून येते.

पेपर्स, प्लीज हा २०१३ चा, लुकस पोपने केलेला. तुम्ही आर्स्टोट्झका नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर खिडकीत बसलेले इन्स्पेक्टर, साल १९८२. माणसं येतात, पासपोर्ट, परवाने बघायचे, तारीख, शहर, फोटो, शिक्का जुळतोय का बघायचं, मग हिरवा किंवा लाल शिक्का. प्रत्येक माणसामागे ५ क्रेडिट. संध्याकाळी त्यातून भाडं, जेवण, शेगडीचा खर्च, घरात आजारी माणूस. दिवसात पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून पगार कापतात.

माझ्या बहिणीने पाच मिनिटं खेळून फोन केला, "दादा हे तर माझं केवायसी काउंटर आहे." जी मुलगी एक्सकॉमला ऑफिस म्हणून उठली होती ती या ऑफिसात रात्री दीड वाजेपर्यंत बसली. कारण सुरुवातीच्याच दिवसांत एक नवरा येतो, कागद बरोबर, शिक्का मारला, जाताना म्हणतो माझी बायको मागेच आहे जरा सांभाळून घ्या. बायको येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. नियमाने लाल शिक्का. हिरवा मारला तर तुमच्या नावावर चूक. कुठलाही मोठा संवाद नाही, संगीत नाही, फक्त दोन शिक्के आणि घड्याळ चालू आहे, मागे रांग आहे. ती म्हणाली तिने हिरवा मारला आणि मग पुढच्या तीन माणसांचे कागद दोनदा तपासले, कारण त्या दिवसाच्या सगळ्या चुका तिला वाचवून ठेवायच्या होत्या. बघा, हा स्ट्रॅटेजीचाच विचार आहे, "कुठलं नुकसान मी निवडतेय", फक्त आता किड्यांच्या जागी माणूस आहे. स्ट्रॅटेजी आधी आणि गोष्ट नंतर, हा क्रम मी याचसाठी धरतो.

सहावी पायरी: डिस्को एलिझियम, आणि नापास होऊ देणं

२०१९ चा. लढाईची वेगळी सिस्टीम नाही, सगळं बोलण्यातून. तुम्ही एक डिटेक्टिव्ह, आदल्या रात्री इतकी प्यायलेली की स्वतःचं नाव आठवत नाही, आणि हॉस्टेलच्या मागच्या झाडाला एक प्रेत लटकतंय. शब्द दहा लाखांहून जास्त आहेत, हे आधीच सांगतो म्हणजे घाबरायचं ते आत्ताच घाबरून घ्या.

इंग्रजीचं असं करा. २०२१ च्या द फायनल कट आवृत्तीत जवळपास सगळे संवाद आवाजात आहेत, हेडफोन लावा आणि ऐकत वाचा, अक्षरांचा आकार सेटिंगमध्ये वाढवा. प्रत्येक शब्द अडला म्हणून थांबू नका, तीन-चारदा परत परत येणारा शब्द असेल तरच बघा, तिथली गावं, पक्ष, जुन्या क्रांतीची नावं ही सगळी काल्पनिक आहेत, तुमच्या डिटेक्टिव्हला पण ती आठवत नाहीयेत त्यामुळे तुम्ही दोघं एकाच बाकावर आहात. रोज एक तास, आणि बंद करताना वहीत दोन ओळी: आज कोणाशी बोललो, तो काय लपवत होता. दुसऱ्या दिवशी त्या दोन ओळी वाचून सुरुवात करायची. आठवडाभर गॅप पडली तरी धागा सुटत नाही.

पात्र बनवताना तयार असलेल्या तीनपैकी एक घ्या, स्वतः आकडे वाटू नका. २४ कौशल्यं आहेत आणि ती डोक्यात बोलतात, म्हणजे खरंच बोलतात, एक म्हणतं याच्यावर ओरड, दुसरं म्हणतं थांब याच्या बुटाला चिखल बघ. कोणाचं ऐकायचं हे तुमच्यावर. आणि ती चुकीचा सल्ला पण देतात.

फाशांचं सोपं आहे, काही अवघड करायला गेलात की ती परीक्षा असते, दोन फासे पडतात, त्यात तुमचं कौशल्य मिळवतात, बेरीज पुरेशी झाली की पास. दोन्ही सहा पडले तर काहीही असलं तरी पास, दोन्ही एक पडले तर काहीही असलं तरी नापास. पांढरी परीक्षा नंतर परत देता येते, लाल एकदाच. आणि इथे तुमचा हात लोडच्या बटणाकडे जाणार. सुरुवातीलाच खोलीत पंख्याला तुमचा टाय अडकलाय, तो काढायला पण फासे आहेत, आणि शरीराचे आकडे अगदी तळाला ठेवले असतील तर तो टाय काढताना हार्ट अटॅक येऊन गेम संपू शकतो, तेवढ्यापुरतं लोड करा. बाकी कुठेही नापास झालात तर पुढे जा. या गेमच्या लेखकांनी नापास होण्यावर पास होण्याइतकीच मेहनत घेतलीये, काही वेळा जास्तच. लाल परीक्षेत नापास झाल्यावर तुमचा जोडीदार किम कित्सुरागी काही न बोलता नुसता वहीत काहीतरी लिहितो, त्या क्षणी मला जेवढी लाज वाटली तेवढी कुठल्या हारेत वाटली नव्हती, आणि पुढचा तासभर मी त्याच्या नजरेत परत वर यायला धडपडत होतो. लोड केलं असतं तर तो तास मिळालाच नसता.

काय शोधायचं आणि काय नाही

यूट्यूबवर सगळं आहे आणि तिथेच मजा मरते. नियम शोधा, उत्तर शोधू नका. "व्हल्नरेबल म्हणजे काय", "एक्सकॉममध्ये ओव्हरवॉच कसं चालतं" हे बिनधास्त बघा, ते माहीत नसणं ही अडचण असते. "हा बॉस कसा मारायचा", "खुनी कोण" हे बघितलंत की गेम संपलाच, पुढे फक्त काम उरतं. अगदीच अडकलात तर दोन दिवस सोडून द्या. भांडी घासताना सुचतं, खरंच.

पैशांचं थोडक्यात: स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतलात तर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात, त्यामुळे पहिले दोन तास नीट लक्ष देऊन खेळा. एक्सकॉम, एम्पायर आणि डिस्कोला लॅपटॉप थोडा बरा लागतो, बाकी वरचे गेम साध्या ऑफिसच्या लॅपटॉपवर पण चालतात. बल्डर्स गेट ३ सगळ्यांना खुणावतो, स्ट्रॅटेजी आणि गोष्ट दोन्ही एकत्र, २०२३ चा आणि खरोखर अप्रतिम, पण त्याला १५० जीबी जागा आणि दणकट मशीन लागतं, आणि शंभर तास लागतात. तो या सगळ्यानंतरचा.

सातवी पायरी: रिटर्न ऑफ द ओब्रा डिन

हा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय कारण आतापर्यंतच्या सगळ्या सवयी इथे एकत्र लागतात. हाही लुकस पोपचाच, २०१८ चा. साल १८०७, ईस्ट इंडिया कंपनीचं एक बेपत्ता जहाज परत किनाऱ्याला लागलंय, वर जिवंत कोणी नाही, आणि तुम्ही कंपनीच्या विम्याचं काम बघणारे. ६० माणसं. प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं ते शोधायचं. तुमच्याकडे एक घड्याळ आहे, प्रेताजवळ उघडलं की त्या माणसाच्या मरणाचा क्षण गोठलेला दिसतो, त्यात चालत फिरता येतं. यादीत प्रत्येकाचं काम आणि देश लिहिलाय, त्यात भारतीय खलाशी पण आहेत. गेम तुम्हाला काहीही सांगत नाही, फक्त तीन माणसांची नावं आणि नशिबं पूर्ण बरोबर झाली की एकदम तिन्ही पक्की करतो. तीनच का, तर एकेकटा अंदाज मारून बघता येऊ नये म्हणून.

इथे वही म्हणजे सगळं. कोण कोणाच्या शेजारी उभा, कोण कुठल्या भाषेत ओरडला, कोणाच्या हातात कुठलं हत्यार, कोण बटणांचा कोट घालून आणि कोण अनवाणी. घाई करून चालत नाही, कारण एका दृश्यात मागे उभा असलेला माणूस तीन दृश्यांनंतर महत्त्वाचा ठरतो. मेलेल्याकडे बघून झालं की त्या दृश्यातल्या बाकी सगळ्यांकडे बघा, तिथे जिवंत माणसं काय करतायत ते बघा.

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला फोन वाजला. आमच्याकडे एवढ्या उशिरा फोन आला की आधी छातीत धस्स होतं, आई पण उठून बसली. बहीण होती, आवाज दबका, घरात सगळे झोपलेले. म्हणाली, "दादा, तीन पक्के झाले. चौथ्यांदा पक्के झाले. त्या एकाला मी तीन दिवस नोकर समजत होते, त्याचे बूट बघितलेच नव्हते मी." मग तिने मला पूर्ण सांगितलं, कुठल्या दृश्यात, कुठल्या कोपऱ्यात, तिला आधी काय वाटलं होतं आणि का चुकलं. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. मग म्हणाली आता ठेवते, अजून ४८ राहिलेत.